भाजणी, पातळ आणि सदुसष्ट अंश

‘ऑल-ग्रेन’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे थालीपीठ आलं. मेहुणा म्हणाला, “भावोजी, उद्या रविवार. उद्या आपण ऑल-ग्रेन करू.” मी म्हटलं, “जरूर. फक्त भाजणी जरा खमंग असू दे, आणि वर लोण्याचा गोळा पाहिजे.” मेहुण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमच्याकडे फक्त इन्स्पेक्शनला आलेले साहेब पाहतात.

स्थळ होतं इंग्लंडमधलं रेडिंग. मेहुणा तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. वीस वर्षं एका खिडकीमागे बसून साठवलेली हक्काची रजा मी चार आठवडे मोडली होती, आणि तिकीट मेहुण्याने काढलं होतं. दुसऱ्याने तिकीट काढलं, की तो म्हणेल त्या उद्योगात सामील व्हावं लागतं. उद्योग होता घरी बिअर करण्याचा.

“घरी दारू?” मी दचकलो. आम्ही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेली माणसं. ‘घरी’ आणि ‘दारू’ हे दोन शब्द शेजारी आले, की मला दारावर पोलिसाची काठी ऐकू येते. मेहुण्याने समजूत घातली. दारू गाळणं म्हणजे भट्टी लावून अर्क काढणं; ते परवान्याशिवाय केलं तर इंग्लंडमध्येही गुन्हाच. बिअर मात्र आंबवायची असते, आणि ती स्वतःच्या घरापुरती, न विकता, कितीही करायला तिथे १९६३ पासून मुभा आहे. रेजिनॉल्ड मॉडलिंग नावाच्या अर्थमंत्र्यांनी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घरगुती बिअरचा परवाना रद्द करून टाकला.

अंदाजपत्रकाने सामान्य माणसाला काही परत दिल्याचं हे उदाहरण मी लगेच वहीत टिपून घेतलं. आमच्या धंद्यात अशी नोंद दुर्मीळ.

आता ‘ऑल-ग्रेन’ म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे वाचकही माझ्यासारखे लोणी शोधत बसणार नाहीत. घरी बिअर करण्याच्या दोन तऱ्हा. एक, दुकानातून माल्टच्या पाकाचा डबा आणायचा, पाण्यात कालवायचा, यीस्ट टाकायचं आणि वाट पाहायची. हे म्हणजे पाकिटातलं इडलीचं पीठ. दुसरी, मोड आणून सुकवलेली बार्ली – आपले जव – आणायची, भरडायची, गरम पाण्यात भिजवून तिच्यातल्या पिठाची साखर करायची, आणि मग पुढचं सगळं. सुरुवात धान्यापासून, म्हणून ऑल-ग्रेन. मेहुणा दोन वर्षं डब्यावर होता. मी येणार म्हणून त्याने धान्यावर जायचं ठरवलं होतं. पाहुण्याच्या जिवावर प्रयोग करण्याची चाल त्यांच्या घराण्यात जुनी आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा सौ.ने केलेले पोहे मला अजून आठवतात.

रात्री झोप येईना म्हणून मेहुण्याच्या फळीवरची पुस्तकं चाळली. कॉमर्सच्या माणसाला इतिहास आवडत नाही असा एक गैरसमज आहे. आम्हाला लढाया आवडत नाहीत, हिशेब आवडतात. आणि बिअरचा इतिहास हा हिशेबाचाच इतिहास निघाला.

आजच्या इराकमध्ये उरुक नावाचं प्राचीन शहर होतं. तिथल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर माणसाने लिहायला सुरुवात केली. काय लिहिलं? प्रार्थना नाही, प्रेमपत्र नाही. आवकजावक लिहिली! त्यातल्या एका पाटीवर मजकूर आहे तो असा: २९,०८६ मापं बार्ली, ३७ महिने, कुशिम. ही बार्ली बिअरसाठी असावी असं जाणकार मानतात. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर वाद आहे. पण नाव असेल तर लिहून ठेवलेल्या इतिहासातलं ते अगदी पहिल्या नावांपैकी एक. म्हणजे राजा नाही, सेनापती नाही, कारकून! त्या रात्री मी सौ.ला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “सदतीस महिन्यांचा हिशेब तुंबवला होता वाटतं त्याने,” आणि कूस बदलली.

इंग्लंडात पुढे कित्येक शतकं बिअर हे बायकांचं काम होतं. भाकरी करणं, लोणी काढणं, तसंच घरची बिअर घालणं. जास्त झाली तर शेजारी विकायची. पुढे धंदा वाढला, भांडवल लागू लागलं, आणि चार पैसे दिसू लागताच कामात पुरुष आले. हे कुठल्याही देशातलं कुठलंही काम घ्या, असंच होतं. पण खेड्यातल्या घरांत चूल आणि बिअरचं पिंप शेजारी शेजारी टिकून होतं. मग १६९७ साली सरकारने माल्टवर कर बसवला. तो घटला, वाढला, पण गेला नाही. १८२२ च्या सुमाराला विल्यम कॉबेट नावाच्या तिखट लेखकाने ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात गळा काढला, की चाळीस वर्षांपूर्वी प्रत्येक मजुराच्या घरी बिअर होत असे, आणि आता करांनी ती बंद पाडून गरिबाच्या हातात काय दिलं, तर चहा! चहावर या माणसाचा इतका राग, की त्याने वर्षभराच्या चहाचा खर्च काढून दाखवला. नुसती पत्ती नव्हे. साखर, दूध, कपबशा, सरपण, आणि चहा करण्यात गेलेला घरातल्या बाईचा वेळसुद्धा पैशांत मांडला. बाईच्या वेळेला किंमत लावणारा हा हिशेबनीस मला फार मोठा वाटला. हे मात्र मी सौ.ला उठवून सांगितलं नाही.

१८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला. वाटलं, सुटलं घर. पण कर काढणारा हात दुसऱ्या खिशात जातोच. कर माल्टवरून उठून बिअरवर बसला, आणि घरी बिअर करणाऱ्याला परवाना आला. ज्यांची हौस दांडगी त्यांनी तो घेतला असेल. बाकीच्यांनी पिंप परसात टाकलं. १८८० ते १९६३ म्हणजे ८३ वर्षं. तीन पिढ्या. परवाना रद्द झाला तेव्हा लोक उत्साहाने स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे उभे राहून विचारू लागले, की आता करायचं काय? सांगणारी आजी गेलेली. म्हणून पाकाच्या डब्यांचं फावलं. धान्यापासूनची रीत पुन्हा घरात यायला पुस्तकं लागली. १९७४ साली डेव्ह लाइन या हौशी माणसाचं ‘द बिग बुक ऑफ ब्रुइंग’ आलं, आणि साध्या स्वयंपाकघरातल्या साध्या भांड्यांत दाण्यापासून बिअर होऊ शकते हे इंग्रजांना पुन्हा कळलं. जे त्यांच्या खापरपणजीला येत होतं, ते.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर मेहुणा मिक्सर लावून बसलेला. पाच किलो माल्ट त्याने अख्खं आणलं होतं, कारण ते ताजं राहतं. भरडायची घरगुती चक्की महाग, म्हणून सौ.ने पुण्याहून त्याच्यासाठी आणलेल्या मिक्सरवर भागवणं चाललं होतं. सौ. दारातून म्हणाली, “अरे, फार बारीक करतोयस.” मेहुणा म्हणाला, “ताई, जितकं बारीक तितकी साखर जास्त सुटते. सायन्स आहे ते.” सायन्स म्हटल्यावर ती गप्प बसली. तिची ही गप्प बसण्याची तऱ्हा मला ठाऊक आहे. ती मुदत ठेवीसारखी असते. व्याजासकट परत मिळते.

एका मोठ्या, अंगाला कापूस लपेटलेल्या पिंपात साडेबारा लिटर पाणी. ते पंचाहत्तर अंशांवर नेऊन त्यात भरड ओतायची, म्हणजे मिश्रण बरोबर सदुसष्ट अंशांवर स्थिरावतं. ते तिथे तासभर राखायचं. मेहुण्याच्या हातात थर्मामीटर होता, मानेवर घाम होता, आणि तो मला आकडे ओरडून सांगत होता. मी वहीत लिहीत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे लिहिण्याची माझी सवय अखेर उपयोगी पडली.

“सदुसष्टच का?” मी विचारलं. त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत असं: दाण्यातलं पीठ म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या; मोठी रक्कम, पण गोठवलेली. ती सुटी करून द्यायला दाण्यातच दोन कारकून बसलेले असतात. त्यांना अमायलेज म्हणतात. एक आल्फा, तो बंडल मधूनच कुठूनही तोडतो. दुसरा बीटा, तो टोकाला बसून शिस्तीत दोन-दोनची चिल्लर मोजून देतो. ही चिल्लर यीस्टला आवडते. बीटाला साठ ते पासष्टची हवा मानवते, आल्फाला सत्तरच्या आसपासची. सदुसष्टला दोघंही कुरकुरत का होईना, काम करतात. खाली गेलं तर बिअर कोरडी, पातळ. वर गेलं तर जड, गोडसर. आणि ऐंशीच्या पुढे गेलं तर दोघेही कायमचे रजेवर. दोन कारकुनांना एका खोलीत कामाला लावायचं तर पंखा कितीवर ठेवावा, हा प्रश्न आमच्या शाखेत अजून सुटलेला नाही. बिअरवाल्यांनी तो सोडवला, याचं मला कौतुक वाटलं.

पण त्यांनीही तो सोडवायला वेळ घेतला. थर्मामीटर नव्हता तेव्हा उकळतं पाणी खाली उतरवून ठेवत. वाफ विरून पाण्यात आपला चेहरा स्वच्छ दिसू लागला, की दाणा घालायचा. अठराव्या शतकात लंडनच्या मायकेल कोम्ब्रूनने थर्मामीटर वापरून १७६२ साली त्यावर पुस्तकच लिहिलं, तेव्हा जुन्या लोकांना तो चावटपणा वाटला. जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या एका तरुण ब्रूअरला तर स्वतःचा थर्मामीटर वडिलांपासून लपवून वापरावा लागला. पोरगं चोरून विडी ओढतं, तसं हा चोरून तापमान बघत होता! पुढे १७८४ साली हल गावच्या जॉन रिचर्डसनने द्रवातली साखर मोजायचं यंत्र ब्रूअरांच्या हाती दिलं. त्याने लोकांचे डोळे उघडले: काळपट माल्ट पोत्याला स्वस्त पडतं, पण त्यातून साखर इतकी कमी सुटते, की महाग दिसणारं फिकं माल्टच शेवटी परवडतं. पैसे पोत्याला द्यायचे नसतात, साखरेला द्यायचे असतात, हे मोजल्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. अर्थात हे सरकारच्याही लक्षात आलं. १८८० चा ग्लॅडस्टनचा कर याच साखरेच्या मोजणीवर बसवलेला होता. मोजायला शिकवणाऱ्याने दूरवरचा विचार केला नाही, की मोजता येतं त्यावर कर लावता येतो.

तासभर वाट पाहायची होती, तेव्हा मेहुण्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझी जुनी जखम उघडी झाली. बी.कॉम.ला संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ होती. मी ती ऑप्शनला टाकली होती. कुणा विद्यार्थ्याने काढलेली टेस्ट विद्यार्थ्यांच्या जिवावर का उठावी, हे मला कळत नसे. हा ‘स्टुडंट’ म्हणजे डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीतला नोकरदार विल्यम गॉसेट! १८९९ साली तो तिथे लागला. बार्ली, माल्ट, हॉप्स यांचे चारच नमुने हातात असताना पक्का निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याचा रोजचा पेच. त्याने गणित मांडलं, पण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती. म्हणून १९०८ साली लेख छापून आला तो ‘स्टुडंट’ या नावाने. म्हणजे मला ज्याने पेपरात छळलं, तोही बिचारा नोकरीतलाच माणूस, साहेबाच्या परवानगीला बांधलेला. पंचवीस वर्षांनी मी त्याला माफ केलं.

तासाभराने मेहुण्याने एक थेंब बशीत काढून त्यावर आयोडीन टाकलं. निळंकाळं झालं नाही. म्हणजे पिठाची साखर झाली. त्याने चमचाभर मला चाखायला दिलं. गोड! कोमट, धान्याच्या वासाचं, उसाच्या रसासारखं गोड. साखरेचा कणही न घालता. मी चमचा सौ.पुढे धरला. ती सोवळ्यातली नाही, पण बिअरच्या खोलीत ती सकाळपासून दाराच्या आत आली नव्हती. आता आली. चाखून म्हणाली, “हे तर सत्त्व आहे.”

“कसलं?”

“नाचणीचं. आई करायची ते. आणि बघ, मगाशी घट्ट होतं, आता पातळ झालंय. मोड आलेल्या नाचणीची पेज अशीच पातळ राहते. न मोडाची घातली की खळ होते.”

मेहुण्याने थर्मामीटर खाली ठेवला. आल्फा आणि बीटा या दोन कारकुनांची ओळख त्याने पुस्तकं वाचून करून घेतली होती, आणि ते त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं कामाला होते. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. माल्ट करणं म्हणजे दुसरं काय असतं? त्यावर तर तो वाढला होता. “तू दोन वर्षांचा होतास तेव्हा दुसरं काही पोटात ठरत नव्हतं तुझ्या,” सौ. म्हणाली. तो काही बोलला नाही. सासूबाईंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी त्याला विमान मिळालं नव्हतं. मी वहीत उगाचच एक ओळ आखली.

मग त्याने पिंपाची तोटी सोडली, आणि तोटीतून काहीही आलं नाही.

बार्लीच्या दाण्याला टरफल असतं. ते अखंड राहिलं तर त्याचाच थर गाळणीचं काम करतो आणि रस आपोआप निथळतो. मेहुण्याने मिक्सरमध्ये टरफलाचंही पीठ करून टाकलं होतं. पिंपात आता जिलबीचं पीठ म्हणावं असा चिखल बसला होता. त्याने तोटीत फुंकर मारली, तारेने टोचलं, दोन इंग्रजी शब्द उच्चारले. पाच किलो दाणा आणि अर्धा रविवार बुडीत खात्यात जाण्याच्या बेतात होता.

इथे सौ.ची मुदत ठेव पाकली. “रवाळ ठेवायचं असतं, म्हटलं होतं ना मी?” एवढंच बोलून ती आत गेली आणि बॅगेतून सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा घेऊन आली. धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. भावाला श्रीखंड करून घालायचं म्हणून चक्का बांधायला तिने तो आणला होता. “धर रे टोकं. अहो, तुम्ही ती वही ठेवा आणि पातेलं धरा.” दोन खेपांत सगळा चिखल पातळात बांधला गेला, कपाटाच्या कडीला टांगला गेला, आणि सोनेरी रस धारेने पातेल्यात पडू लागला. वरून तिने पंचाहत्तर अंशांचं वीस लिटर पाणी थोडं थोडं सोडलं, म्हणजे उरलीसुरली साखर धुऊन यावी. तेही कुणी सांगायला लागलं नाही. गव्हाचा चीक काढताना ती तेच करते.

संध्याकाळी मेहुण्याला पुस्तकात सापडलं, की दाणा कापडात बांधूनच सगळं करायची एक रीत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली आहे. ‘ब्रू इन अ बॅग’. सौ. म्हणाली, “चक्का म्हणतात त्याला.”

पुढचं काम सोपं होतं. रस तासभर खळखळून उकळायचा, हॉप्सची कडसर वाळलेली फुलं घालायची. ती कडूपणा आणतात आणि बिअर टिकवतात. मग झटपट गार करून यीस्ट. मी हिशेब मांडला. जमा: साडेबारा अधिक वीस, साडेबत्तीस लिटर पाणी. खर्ची: धान्याने प्यालं पाच, वाफ साडेतीन, तळाचा गाळ एक. शिल्लक तेवीस. पिंपात मोजलं तर तेवीस! एका झटक्यात टॅली. असं सुख मला मार्चअखेरलाही क्वचित मिळालं आहे. साखरेच्या खात्यात मात्र तूट निघाली. हायड्रोमीटरवर १.०४९ यायला हवं होतं, आलं १.०४०. शंभरातली पंच्याहत्तर साखर सुटायची, त्यातली बासष्टच वसूल झाली. मिक्सरच्या नावे तूट टाकून खातं बंद केलं.

पुढच्या आठवड्यात पिंप बुडबुडत राहिलं. मी रोज त्याच्याजवळ बसून पुस्तकं वाचत असे. अमेरिकेची कथा तर आणखी मासलेवाईक. तिथे १९२० साली दारूबंदी आली. मोठ्या बिअर कंपन्या माल्टचा पाक डब्यात भरून ‘पावासाठी’ म्हणून विकू लागल्या, आणि अख्खा देश अचानक पाव करू लागला. १९३३ साली बंदी उठली. घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण घरच्या बिअरचं नाव कायद्यात आलं नाही. ते यायला पंचेचाळीस वर्षं लागली. १९७८ च्या ऑक्टोबरात जिमी कार्टरने सही केली. माणशी वर्षाला शंभर गॅलन, दोन मोठी माणसं असलेल्या घराला दोनशे. सही दिल्लीतली असो की वॉशिंग्टनमधली, खाली राज्यं आपली फाइल सावकाश हलवतात. अलाबामा आणि मिसिसिपीत हे २०१३ साली कायदेशीर झालं.

मधल्या काळात लोक थांबले होते असं नाही. जॅक मॅकऑलिफ नावाचा अमेरिकन खलाशी स्कॉटलंडमध्ये नेमणुकीवर असताना तिथल्या केमिस्टच्या दुकानात मिळणाऱ्या सामानावर बिअर करायला शिकला. इंग्लंडने १९६३ साली घराला जे परत दिलं, ते असं समुद्रापार गेलं. परत जाऊन १९७६ साली त्याने कॅलिफोर्नियात ‘न्यू अल्बियन’ नावाचा चिमुकला कारखाना काढला. तो काही वर्षांतच बुडाला, पण आज तिथे जे हजारो छोटे कारखाने आहेत त्यांचा तो मूळपुरुष. आणि चार्ली पपाझियन. अणुशास्त्राची इंजिनिअरी शिकून कोलोरॅडोत मास्तरकी करणारा. तो संध्याकाळी लोकांना घरी बिअर शिकवी. १९८४ सालचं त्याचं पुस्तक घरोघरी गेलं. त्याच्या शिकवणीचं सार एवढंच, की घाबरू नका, चुकलं तर आभाळ कोसळत नाही. अणूचा अभ्यास केलेल्या माणसाने हे सांगावं यात अर्थ आहे.

तिसऱ्या आठवड्याअखेर बाटली फुटली, म्हणजे उघडली. काटा १.०४० वरून १.०१० वर उतरला होता. फरकाला १३१ ने गुणलं की मद्यार्काचा टक्का निघतो. सुमारे ३.९. मी दोन ग्लास घेतले. चव कशी होती? प्रामाणिकपणे सांगायचं तर किंचित गढूळ, किंचित कडू, आणि दुकानातल्या कुठल्याही बिअरपेक्षा जास्त ‘आपली’. सौ.ने चमचाभर चाखली, “काढा आहे,” म्हणाली, आणि मेहुण्याच्या बायकोने काढून दिलेला अर्धा कप संपवला. यावर मी काही लिहू नये असं तिने बजावलं आहे.

निघायच्या आदल्या रात्री मेहुणा म्हणाला, “ताई, सत्त्वाची रीत लिहून दे ना.” आमची दोन्ही घरं आता पाकीटच आणतात. नाचणी भिजवून कुणी केल्याला सासूबाईंइतकीच वर्षं झाली. ती म्हणाली, “लिहून काय द्यायचं? करताना कळतं.” मला एकदम ते त्र्याऐंशी वर्षांचं इंग्लंड दिसलं. तिथे निदान कर होता, कायदा होता, दोष द्यायला ग्लॅडस्टन होता. आमच्याकडे कुणीच काही बंद केलं नव्हतं. आम्ही आपले आपणच पाकिटावर आलो होतो.

मी वही उघडली. बिअरच्या हिशेबापुढचं पान. “सांग. नाचणी किती?”

“असेल त्या मानाने.”

“भिजवायची किती तास?”

“रात्रभर.”

“रात्र किती तासांची?”

“अहो!”

“बरं. मोड किती लांब?”

“तेवढे.” तिने बोटाचं पेर दाखवलं, मग अर्धं केलं, मग विचारात पडली. “दिसलं की कळतं.”

मी इमानदारीने तसंच लिहिलं. वहीत एका बाजूला सदुसष्ट अंश, १.०४०, तेवीस लिटर. समोरच्या बाजूला ‘असेल त्या मानाने’, ‘रात्रभर’, ‘तेवढे’. असा ताळेबंद कुठल्याही ऑडिटरने पास केला नसता. पण पान फाडून मेहुण्याला दिलं, आणि पातळाचा तुकडा सौ.ने त्याच्याकडेच ठेवला.

पुण्याला परतल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. बिअरबद्दल असेल म्हणून मी घेतला, तर म्हणाला, “ताईला द्या.” तिकडे नाचणी मिळाली होती. फडक्यात बांधली होती. दोन दिवस झाले होते.

“मोड आले का?” सौ.ने विचारलं.

“आले.”

“केवढे?”

तिकडे क्षणभर शांतता. मग इंजिनिअर म्हणाला, “तेवढे.”